कजरी गरम आहे

उज्जैनच्या माधवनगरात 'जयू सिस्टर कुठे राहतात' असं विचाराल तर कोणताही रिक्षावाला तुम्हाला दारापर्यंत सोडेल. 'जयश्री मोघे' म्हणून विचाराल तर मात्र दुपारभर फिरत बसाल. वडील रेल्वेत गार्ड होते, साताऱ्याकडून बदली होऊन इकडे आले आणि इथलेच झाले. जयूनं लग्न केलं नाही. का नाही केलं हे विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि आता त्रेसष्टाव्या वर्षी विचारून करायचंय काय? चौतीस वर्षं तिनं सरकारी इस्पितळाच्या बच्चा वॉर्डात काढली. तिथे तिची एक खोड होती आणि त्या खोडीवर ही सगळी गोष्ट उभी आहे.

खोड अशी की ती आजारी पोराला आधी हात लावायची नाही. नवीन पोर आलं की बाकीच्या नर्सा लगेच थर्मामीटर घेऊन धावायच्या, पोर किंचाळायचं, आई रडायची, नुसता गोंधळ. जयू सिस्टर दारात थांबायची. पदराला पिन करून लावलेलं घड्याळ उलटं करून बघायची आणि आईच्या मांडीवर पडलेल्या पोराच्या पोटाकडे टक लावून एक मिनिट श्वास मोजायची. "एकदा हात लावला की पोर घाबरतं," असं ती नव्या पोरींना सांगायची, "मग जे मोजाल ते भीतीचं मोजाल, आजाराचं नाही." शिकाऊ डॉक्टर तिला 'दरवाज्यातली सिस्टर' म्हणून चिडवायचे. पण दारातून मोजून तिनं 'याला आत्ता ऑक्सिजन लावा' म्हटलं की तेच डॉक्टर मुकाट्यानं नळी शोधायचे.

मग एके दिवशी हार घातले, शाल दिली, आणि सिस्टर घरी बसली. घरी बसणं तिला अजिबात जमेना. सकाळी सहाला तयार होऊन ती खुर्चीत बसायची आणि समोरच्या गच्चीवरची कबुतरं श्वास कसा घेतात ते बघायची. हसू नका, खरं सांगतोय.

त्यातून तिला बाहेर काढलं ते निहारिकानं. निहारिका म्हणजे भावाची मुलगी, महूला गुरांची डॉक्टरकी शिकते. सुट्टीत आत्याकडे आली ती एक काम घेऊनच. गाय आजारी आहे किंवा ताणात आहे हे तिला न टोचता, न पकडता, लांबूनच कसं ओळखायचं, यावर तिला महिनाभर टिपणं काढायची होती. त्यासाठी गोठा हवा होता. सिस्टर तिला घेऊन गेली ओंकारकडे.

ओंकार त्यांचा दूधवाला. भैरवगढ़च्या पलीकडे त्याचा नऊ गाईंचा गोठा. सकाळी तो मोटरसायकलवर कॅन बांधून माधवनगर, टावर चौक असा रतीब घालत फिरतो. मागे त्याची बायको रामकन्या गोठा सांभाळते आणि दुपारी छपाईचं कापड धुवायला भैरवगढ़ला जाते. दोघांनी पोरीचं म्हणणं ऐकलं आणि एकमेकांकडे बघितलं. "दूर से देखोगे? हाथ नहीं लगाओगे?" रामकन्यानं विचारलं. निहारिका म्हणाली, "नाही, नुसतं बघणार." रामकन्याला ते आवडलं असावं. म्हणाली, "बैठो फिर."

पहिल्याच दिवशी निहारिकानं आत्याला सांगायला सुरुवात केली. गाय हे भित्रं जनावर, रानात जे जनावर आजारी दिसतं त्याला वाघ आधी धरतो, म्हणून ती आजार लपवते. चार माणसं अंगावर गेली की ताप असो नसो, तिचा श्वास वाढतोच. म्हणून दहा पावलं लांब उभं राहायचं, तिला आपला विसर पडू द्यायचा, मग कुशीची वरखाली हालचाल मोजायची. निरोगी गाय सावलीत मिनिटाला पंचवीस-तीस श्वास घेते. कान बघायचे, लोंबतायत की आवाजाकडे वळतायत. बसल्या बसल्या रवंथ करते की तोंड थांबलंय, ते बघायचं. शेण बघायचं. डोळ्याच्या कोपऱ्यातली उष्णता लांबून दाखवणारा कॉलेजचा एक कॅमेराही तिच्याकडे होता.

आत्या ऐकत राहिली आणि मध्येच म्हणाली, "अगं बाई, हे तर मी चौतीस वर्षं करून राहिलेय."

महिना संपला. कॅमेरा कॉलेजला परत गेला, निहारिकाही गेली, पण आत्या काही गोठा सोडेना. रोज सकाळी सातला ती रिक्षानं भैरवगढ़ ओलांडायची, गोठ्याच्या कडेला निंबाखाली उभी राहायची, नऊच्या नऊ गाईंचे श्वास मोजायची आणि वहीत लिहायची. पावसाळ्यात दोन गाईंचा आजार तिनं असा पकडला की त्या चारा खात होत्या, दूध देत होत्या, ओंकारला काहीच कळलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी खरंच त्यांना ताप भरला. तेव्हापासून ओंकार तिला बघितलं की मोटरसायकलवरून उतरून नमस्कार करायचा. सिस्टर रोज घरी येऊन देवापुढे हात जोडायची आणि म्हणायची, देवा, म्हातारपणी कामाला लावलंस, तुझे फार उपकार.

त्या नऊ जणींत कजरी ही सगळ्यांत अवघड गाय. ती रामकन्याच्या माहेरहून आली होती, तिच्या आईनं हातानं वाढवलेली. आई आता नव्हती. कजरी एकदा व्याली, आणि त्यानंतर तीनदा भरवूनही, म्हणजे नळीनं बीज सोडूनही, गाभण राहिली नाही. शिवाय माजावर आली तरी दाखवायची नाही. बाकीच्या हंबरतात, दुसऱ्या गाईंच्या अंगावर चढतात, ही आपली चूप. गुरुपौर्णिमेनंतर ओंकारनं तिला चौथ्यांदा भरवलं आणि बायकोला स्पष्ट सांगितलं, "इस बार नहीं ठहरी तो गोशाला में छोड़ आऊँगा. मेरे से अब नहीं होता." त्या दिवसापासून रामकन्या कजरीला भाकरी देताना जरा जास्तच वेळ उभी राहायची, आणि सिस्टरच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं.

आता ऐका. सप्टेंबरातला रविवार होता. सिस्टर गोठ्यावर पोहोचली तेव्हा ओंकार दुधावर गेलेला, आणि रामकन्या त्या दिवशी सकाळीच छपाईच्या कामाला गेलेली. गोठ्यात माणूस नाही. सिस्टर निंबाखाली उभी राहिली आणि कजरीकडे बघताच तिच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. कान खाली पडलेले. तोंड थांबलेलं. मागचा एक पाय ती जरा उचलूनच धरत होती. सिस्टरनं घड्याळ उलटं केलं. पन्नासच्या वर. पुन्हा मोजलं, पन्नासच्या वरच. कातडी मधूनच शहारत होती. सिस्टरला शंका उरली नाही, ताप होता आणि चांगलाच होता.

तिनं ओंकारला फोन लावला. तो टावर चौकात होता, मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. आणि इथे सिस्टरनं घोटाळा केला. असा घोटाळा आपल्या उज्जैनच्या मराठी माणसाच्याच हातून व्हावा. मराठीत विचार करायचा आणि तोंडानं हिंदी बोलायची ही आपली सवय. चौतीस वर्षं वॉर्डात आया पोरं छातीशी धरून यायच्या आणि एकच वाक्य बोलायच्या, 'सिस्टर, बच्चा गरम है.' सिस्टरच्या तोंडी तोच शब्द बसलेला. ती म्हणाली, "ओंकार, कजरी गरम है. जल्दी किसी को बुला लो."

"गरम है? पक्का?"

"हो रे बाबा, पक्का. मैंने दो बार देखा."

"अरे वा सिस्टर, आपने पकड़ लिया. ये तो कभी दिखाती ही नहीं. अभी बुलाता हूँ."

फोन बंद झाला. सिस्टरला जरा नवल वाटलं की गाय तापलीये आणि याला एवढा आनंद कशाचा झालाय. पण 'दाखवत नाही' हे तो बरोबरच बोलला होता, निहारिकाही तेच शिकवून गेली होती. डॉक्टर येईल, बघेल, असं म्हणून तिनं वहीत आकडा लिहिला, कजरीच्या समोर पाण्याची बादली सरकवली आणि ती घरी आली.

घरी आल्यावर चहा टाकला आणि सवयीप्रमाणे निहारिकाला फोन केला. कान, पाय, श्वास, सगळं नीट सांगितलं. निहारिका खूश झाली. म्हणाली, "आत्या, हा तीन दिवसांचा ताप दिसतोय, या दिवसांत येतोच. तू ओंकारला सांगितलंस ना?"

"सांगितलं की. म्हटलं कजरी गरम आहे, कुणाला तरी बोलाव."

मग निहारिकानं अगदी हळू विचारलं, "आत्या, तू 'गरम' हाच शब्द वापरलास? बुखार नाही म्हणालीस?"

"का गं?"

"आत्या, गोठ्यात 'गाय गरम है' म्हणजे ती माजावर आलीये. तू त्याला भरवणाऱ्याला बोलवायला सांगितलंयस."

सिस्टरनं गॅस बंद केला. निहारिका बोलत होती, ते अर्धं तिच्या कानात शिरत होतं. कजरीला भरवून दोन महिने झालेत. ती राहिली असेल, कुणी तपासलेलं नाही. राहिली असेल आणि आता पुन्हा आत नळी घातली तर गर्भ पडेल. वर अंगात ताप. बाकी काही ऐकायला सिस्टर थांबली नाही. पायात चपला अडकवल्या, कुलूप लावलं की नाही तेही तिला आठवत नव्हतं.

रिक्षात बसल्या बसल्या तिनं ओंकारला अकरा वेळा फोन लावला. मोटरसायकलवरचा माणूस फोन कुठला उचलतोय. भैरवगढ़ला आले तर रविवार, कालभैरवाच्या दर्शनाला ही गर्दी. गाड्या, बसेस, प्रसादाच्या दुकानांसमोर आडव्या लागलेल्या मोटारी. रिक्षा थांबली ती थांबलीच. रिक्षावाला म्हणाला, "माताजी, अब आधा घंटा पकड़ो." माताजींनी काही पकडलं नाही. त्या उतरल्या आणि पदर खोचून पळत सुटल्या.

त्रेसष्ट वर्षांची बाई, गुडघे कुरकुरणारे, पण पळाली. लोकांना वाटलं दर्शनाला उशीर झालाय म्हणून म्हातारी पळतेय, दोघांनी 'जय भैरव' म्हणून वाटही करून दिली. तिच्या डोक्यात एकच चित्र होतं, रामकन्या आणि तिच्या हातातली ती भाकरी. दुसऱ्याच्या घरातली शेवटची आशा आपण एका शब्दानं पुसायला निघालोय, या विचारानं तिचा जीव नुसता तडफडत होता.

ती गोठ्यात शिरली तेव्हा ओंकारनं कजरीची शेपटी धरलेली होती, आणि गाई भरवायला येणाऱ्या माणसानं खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवलेला होता. रामकन्याही कुणाच्या तरी निरोपानं धावत आलेली. तिचा चेहरा पडलेला. कजरी पुन्हा माजावर आली म्हणजे या खेपेलाही राहिली नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

सिस्टरला बोलताच येईना. तिनं हात वर केला आणि खांबाला धरून उभी राहिली. मग तुटक तुटक म्हणाली, "रुको. हाथ मत लगाना. बुखार है इसको. बुखार."

ओंकार गोंधळला. "पर फोन पे तो गरम..." असं म्हणून तो थांबला, आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून म्हणाला, "मैंने गलत सुना होगा. टावर पे इतने हॉर्न."

इथे सिस्टरनं बोलायला हवं होतं. वॉर्डात औषधाची चूक झाली की तिनं स्वतःच्या हातानं रजिस्टरात 'माझी चूक' असं लिहिलेलं आहे, आणि पोरींकडूनही लिहवून घेतलेलं आहे. पण त्या वेळी दम लागलेला, तीन माणसं तोंडाकडे बघणारी, आणि ओंकारनं आयतं दार उघडून दिलेलं. ती गप्प बसली.

मोजावाला चांगला माणूस होता, पण पटकन मानणारा नव्हता. "मैडम, बिना थर्मामीटर आपको कैसे मालूम?" सिस्टर म्हणाली, "इसको छोड़ो. सब पीछे हटो, नीम के नीचे. पंद्रह मिनट." चौघं निंबाखाली जाऊन बसली. कजरीला मोकळं सोडलं. माजावरची गाय असती तर फिरली असती, शेजारणीला ढुशा मारल्या असत्या. कजरी भिंतीशी जाऊन मान घालून उभी राहिली. पंधरा मिनिटांनी सिस्टरनं घड्याळ काढून त्या माणसाच्या हातात दिलं. "आप गिनो." त्यानं कुशीकडे बघत मोजलं, अठ्ठावन्न. मग सिस्टरनं शेजारची गाय दाखवली, तिचेही मोजायला लावले. सत्तावीस. त्यानं मोजा उतरवला आणि म्हणाला, "इसको डॉक्टर चाहिए. मेरा काम नहीं है."

सरकारी गुरांचे डॉक्टर दुपारी आले. एकशे पाच ताप. तीन दिवसांचाच आजार निघाला. औषध दिलं आणि सांगितलं की हिला आज भरवलं असतं तर पोटात काही असलं तरी ते राहिलं नसतं, आता तापातून सुटली तर बघू. तीन दिवस सिस्टर सकाळ-संध्याकाळ गोठ्यात. चौथ्या दिवशी कजरीनं रवंथ करायला सुरुवात केली. आणि महिन्याभरानं तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाभण आहे.

रामकन्या त्या दिवशी सिस्टरच्या पाया पडली. सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यात ओंकारनं तर कहरच केला. टावर चौकातल्या हॉटेलांपासून माधवनगरच्या शेवटच्या घरापर्यंत, दूध घालता घालता तो सगळ्यांना सांगायचा, "अपने कान खराब हो गए भैया. सिस्टर बोलीं बुखार, अपन ने सुना गरम. वो तो भागती हुई आईं, नहीं तो अपन ने तो गाय डुबो ही दी थी." लोक हसायचे. कुणी त्याला 'बहिरा' म्हणून हाक मारायचं, तर तो 'हाँ जी' म्हणून ओ द्यायचा. सिस्टर आपल्या दारात पातेलं धरून उभी असायची आणि हे ऐकायची. रोज ठरवायची, आज सांगते. रोज पातेलं घेऊन आत जायची. असे सात महिने गेले.

एप्रिलमध्ये कजरी व्याली. कालवड झाली, काळीभोर, चारी पाय घट्ट. तिसऱ्या दिवशी सकाळी रामकन्या पहिल्यांदाच माधवनगरच्या घरी आली. हातात स्टीलचा डबा, त्यात चीक. नवी साडी नेसली होती. म्हणाली, "पहला हिस्सा आपका, सिस्टर. आपने मेरी माँ की गाय बचाई. घर में कह दिया है, आपके पहले कोई नहीं खाएगा."

सिस्टरनं हात पुढे केला आणि मागे घेतला. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळलं.

"रामकन्या, डब्बा रख. पहले सुन," ती म्हणाली. मग तिचं हिंदी सुटलं आणि ती सरळ मराठीत बोलायला लागली. "ओंकारनं चुकीचं ऐकलं नाही गं. मीच 'गरम' म्हणाले होते. पुन्हा विचारलं त्यानं, मी 'पक्का' म्हणाले. कजरीवर ते संकट मीच आणलं होतं. त्यानं बिचाऱ्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. मी हे घेऊ शकत नाही."

रामकन्यानं सगळं ऐकून घेतलं. मराठी तिला अर्धीच कळत असेल, पण हे पूर्ण कळलं. डबा तिनं टेबलावर ठेवला आणि पदरानं त्याची कड पुसली.

"मालूम है, सिस्टर," ती म्हणाली.

"काय मालूम है?"

"इनके फोन में सब बात अपने आप रिकॉर्ड होती है. उसी शाम दोनों ने सुनी. आपने गरम ही बोला था. पक्का भी बोला था."

सिस्टरनं खुर्ची ओढून घेतली. "मग? मग तो सगळ्या गावाला का सांगत सुटला की त्याचे कान..."

"वो बोले, सिस्टर को पता नहीं चलना चाहिए. शरम आ गई तो आना बंद कर देंगी." रामकन्या जराशी हसली. "बोले, गलती तो एक बार हुई. देखने तो रोज आती हैं."

सात महिने. रोज सकाळी सिस्टर त्या घरातल्या नऊ गाईंचे कान, डोळे, श्वास टिपत होती, आणि त्याच घरातली दोन माणसं दहा पावलांवरून तिला बघत होती. तिला कुठे दुखतंय ते त्यांनी ओळखलं होतं आणि त्या जागी कुणाचा हात लागू दिला नव्हता. चौतीस वर्षांत तिनं हजार आयांची पोरं घरी धाडली. त्या आनंदानं घाईघाईत निघून जायच्या, मागे वळून बघायचं कुणाला सुचायचं नाही, आणि त्यात वाईट वाटावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं. पण कुणी आपली अशी काळजी घेतली की काय होतं, हे तिला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. ती रामकन्याचे दोन्ही हात धरून रडली, आणि रामकन्यानं तिला रडू दिलं.

मग रामकन्या उठली. दुपारी छपाईचं काम होतं. दारात थांबून तिनं विचारलं, "कल आओगी ना?"

"येते," सिस्टर म्हणाली, "सातला येते."